लाइट घालवायचे पैसे कसले घेता?

मला मीटरवरची बिघाडाची लाइट घालवून नको होती. मला गाडी दुरुस्त करून पाहिजे होती. या दोन कामांतला फरक गॅरेज टाकून बसलेल्या माणसाला कळत नसेल, तर त्यानं शटर खाली ओढावं आणि दुसरा धंदा बघावा. माजलगावपासून परभणीपर्यंत जिथं जावं तिथं एकच पद्धत. गाडी आली की स्कॅनर लावायचा, गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेला बिघाडाचा कोड उडवायचा, हात पुसत यायचं आणि म्हणायचं, "झालं दादा, बिनघोर जा."

काय झालं? काहीच झालेलं नसतं!

आमच्या गाडीचं दुखणं साधं होतं. खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर आदळली की ब्रेकचं एबीएस, एअरबॅग, स्टेअरिंग, इंजिन अशा सगळ्या लायटी एकदम लुकलुकायच्या. मीटरचा काटा खाली पडायचा आणि स्टेअरिंग दगडासारखं जड व्हायचं. हे ऐन गळीत हंगामात, गेवराईच्या रस्त्यावर, रात्री. पुढं उसाच्या ट्रॉल्या, त्यांना मागं ना लाइट ना रेडियम. गाडीत माझी आई. स्टेअरिंग ऐन वेळी जड झालं असतं आणि काही झालं असतं, तर "सेन्सर आहे हो, चालतंय" म्हणणारा तो बहाद्दर आला असता का भरून द्यायला?

पहिल्या मिस्त्रीनं बॅटरी बदलायला लावली. म्हणे आपल्याकडच्या उन्हात बॅटऱ्या जातातच. जातात, मान्य आहे. पण मोजशील की नाही आधी? गाडी बंद असताना चांगली बॅटरी साधारण 12.6 व्होल्ट दाखवते, इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 च्या आसपास. दोनचारशे रुपयांच्या मल्टीमीटरनं दोन मिनिटांत कळतं बॅटरी मेली की अल्टरनेटर चार्ज करत नाही ते. याच्या गॅरेजात मल्टीमीटरच नव्हता! नव्या बॅटऱ्यांची रास मात्र दारातच. दुसऱ्यानं एबीएसचा सेन्सर काढला. तिसरा तर थेट ईसीएमवर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरवर गेला, पुण्याला पाठवावा लागेल म्हणाला.

अरे, डोकं लावा जरा. ज्यांचा एकमेकांशी संबंध नाही अशा चार-पाच यंत्रणा एकाच क्षणी बोंबलायला लागल्या, तर त्या सगळ्या एकदम बिघडल्या असतील का? त्या सगळ्यांना करंट जिथून जातो तिथं बघायला नको? बॅटरीचं टर्मिनल, अर्थिंग म्हणजे निगेटिव्हची बॉडीला जोडलेली वायर, अल्टरनेटर.

शेवटी गेवराईत एका म्हाताऱ्या वायरिंगवाल्यानं बघितलं. त्याच्याकडं स्कॅनर नाही. त्यानं मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला लावली, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि म्हणाला, "मारा सेल." तिथं अर्ध्या व्होल्टच्या वर फरक दिसायला नको, आमच्या गाडीत दीडच्या पुढं गेला. बॅटरीच्या ट्रेखाली अर्थचा बोल्ट ढिला, त्यावर गंज आणि पांढरी भुकटी. त्यानं वायर सोडवली, पॉलिश पेपरनं घासली, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन चोपडलं. संपलं काम! त्यानं घेतलेल्या पैशात पहिल्याच्या बॅटरीचं झाकणसुद्धा आलं नसतं.

आणि कोड उडवण्याची तर मला चीडच येते. बिघाड झाला त्या क्षणी गाडीचा वेग किती, इंजिनचे आरपीएम किती, तापमान किती, हे सगळं ईसीएम कोडसोबत साठवून ठेवतो. फ्रीझ फ्रेम म्हणतात त्याला. कोड पुसला की तेही पुसलं जातं. म्हणजे पुढच्या मिस्त्रीला जो माग लागला असता तोही तुम्ही मिटवून टाकता, वर त्याचे पैसे घेता!

माझ्या गाडीचं निभावलं. पण इंजिनची पिवळी लाइट नुसती पेटलेली असणं वेगळं आणि ती फडफडणं वेगळं, हेही न सांगता लोकांना रस्त्यावर सोडतात. पेट्रोल गाडीत ती फडफडते तेव्हा बहुतेक वेळा एखादा सिलिंडर मिसफायर होत असतो, म्हणजे त्यातलं पेट्रोल नीट पेटत नसतं. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो तापून निकामी होतो. प्लग किंवा कॉइलवर भागणारं काम मग हजारोंच्या घरात जातं. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडायचा, जमेल तितक्या लवकर गाडी दाखवायची. आणि ऑइलची लाल लाइट आली तर तिथंच इंजिन बंद. त्यावरसुद्धा "जावा हळूहळू" म्हणणारे महाभाग आहेत!

वाळूज-शेंद्र्याला गाड्या बनतात. आयटीआयमधून पोरं मोटार मेकॅनिक होऊन बाहेर पडतात. तरी आमच्या तालुक्याला व्होल्ट मोजणारा माणूस सापडू नये?

यापुढं माझ्या गाडीला हात लावायचा असेल तर आधी कोड कागदावर लिहून द्यायचा, बॅटरीचं रीडिंग बिलावर टाकायचं, आणि काढलेला जुना पार्ट माझ्या डिकीत ठेवायचा. जमत नसेल तर तोंडावर सांगा, मी गाडी गेवराईला नेतो.