एक बोट कायम टिपांत

कादंबरी छातीवर ठेवून लोळत वाचता येते. सहाशे पानांचा इतिहास छातीवर ठेवला तर इतिहास आणि श्वास यांपैकी एकच चालू राहतो. म्हणून मी बसून वाचतो. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हाताचं बोट मागच्या टिपांत. चहा प्यायला तिसरा हात लागतो.

या टिपा म्हणजे खरं दुखणं. तळटीप बिचारी सरळ असते, पानाच्या पायाशी निमूट बसते. पण तिला पाहून सामान्य वाचक बिचकेल या धास्तीने तिची रवानगी पुस्तकाच्या शेपटाला होते. मजकुरात इवलासा 37 दिसतो. मागे जावं तर 37 क्रमांकाच्या टिपा बारा, कारण प्रत्येक प्रकरणात आकडे पुन्हा 1 पासून सुरू. टिपांवर मथळा असतो ‘प्रकरण 7’; आपण वाचत असलेल्या पानाच्या माथ्यावर मात्र प्रकरणाचं नुसतं नाव, ‘वादळापूर्वी’. वादळापूर्वी म्हणजे कितवं? ते अनुक्रमणिकेत. अनुक्रमणिका पुढे, टिपा मागे, बोट मध्ये. एवढा द्राविडी प्राणायाम करून सापडलेली टीप म्हणते, ‘तत्रैव, पृ. 214’. म्हणजे 36 पाहा. तीही तत्रैव. तत्रैवांच्या पायऱ्या उतरत 31 पाशी टेकलं की एका ग्रंथाचं नाव हाती लागतं, आणि तोवर मजकुरात कोण कोणाला वेढा घालून बसलं होतं ते विसरलेलं असतं.

बरं, सोडून द्यावं म्हटलं तर चाळीस तत्रैवांमागे एखादी टीप अशी निघते की अख्ख्या प्रकरणापेक्षा तीच चविष्ट. लेखकाने दुसऱ्या इतिहासकाराला काढलेला चिमटाही बहुधा तिथेच दडवलेला असतो.

उपाय आहे. वाचायला बसण्याआधी प्रत्येक प्रकरणाचा क्रमांक आणि त्याच्या टिपांचं पहिलं पान एका खूणपट्टीवर लिहायचं आणि ती पट्टी टिपांतच ठेवायची. दुसरी मजकुरात. तिसरी वंशावळीत, आणि ती सगळ्यात आधी फाटते.

कारण नावं. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या सहा बायका: तीन कॅथरीन, दोन ॲन, एक जेन. हे एक वेळ लक्षात राहील, पण दरबारात वुल्सी थॉमस, मोर थॉमस, क्रॉमवेल थॉमस आणि क्रॅनमरही थॉमस. ‘थॉमसला हे रुचलं नाही’ असं वाक्य आलं की पेन्सिलने समासात आडनाव लिहावं, नाहीतर शिरच्छेद भलत्याचाच होतो. फ्रान्सात चौदाव्या लुईनंतर त्याचा पणतू पंधरावा, त्याचा नातू सोळावा. अठरावा हा सोळाव्याचा भाऊ. सतरावा गादीवर बसलाच नाही, पण आकडा अडवून गेला.

तारखा तर विचारूच नका. 1582 साली रोममध्ये 4 ऑक्टोबरला झोपलेला माणूस 15 ऑक्टोबरला उठला, कारण पोपने पंचांग दुरुस्त केलं. इंग्लंडने ते 1752 पर्यंत मनावर घेतलं नाही. शिवाय तिथलं कायदेशीर वर्ष तोवर 25 मार्चला सुरू व्हायचं. म्हणून पहिल्या चार्ल्सचं डोकं आपल्या पुस्तकात 30 जानेवारी 1649 ला उडतं आणि त्या काळच्या कागदात 1648 ला. माणूस एकच, डोकंही एकच. रशियाची ऑक्टोबर क्रांतीही आपल्या पंचांगाने 7 नोव्हेंबरची. पुस्तकाच्या सुरुवातीला ‘तारखांविषयी’ असं अर्धं पान असतं. ते कोणीच वाचत नाही. ते आधी वाचावं.

नकाशा दोन पानांवर पसरलेला असतो आणि नेमकी लढाई शिवणीच्या घडीत गडप झालेली असते. पुस्तक जोर लावून सपाट केलं तर लढाई दिसते आणि पानं सुटतात.

इतकं सोसून हाती काय येतं? चारचौघांत कोणी नेपोलियनला बुटका म्हणालं की गप्प बसवत नाही. अहो, 5 फूट 2 इंच हे माप फ्रेंच. फ्रेंच इंच साधारण 2.7 सेंटिमीटरचा, आपला 2.54 चा. बासष्ट गुणिले 2.7 म्हणजे 167 च्या वर, त्या काळी चांगली उंची. मात्र मी गुणाकारापर्यंत पोचेस्तोवर समोरच्याला कोणाचा तरी फोन आलेला असतो.