मुकेश यांचं ‘ते’ गाणं आणि फिरणारा मेसेज

आमच्या गिरगावातल्या चाळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कालपासून एक मेसेज फिरतोय : ‘मुकेश यांना मृत्यूची चाहूल लागली, म्हणून त्यांनी स्वतः “इक दिन बिक जाएगा माटी के मोल” लिहिलं, गायलं आणि लगेच जगाचा निरोप घेतला.’ खाली हात जोडलेले पंधरा-वीस इमोजी.

मुळात हे गाणं मुकेश यांनी लिहिलेलंच नाही. शब्द मजरूह सुलतानपुरींचे, चाल राहुलदेव बर्मन यांची. चित्रपट ‘धरम करम’, १९७५ सालचा. म्हणजे प्रसंग पटकथेतला, गायकाच्या आयुष्यातला नव्हे. मुकेश गेले २७ ऑगस्ट १९७६ रोजी, अमेरिकेत डेट्रॉइटला, लता मंगेशकरांबरोबरच्या कार्यक्रमांच्या दौऱ्यावर असताना हृदयविकाराच्या झटक्याने. आजार जुना होता, त्यासाठी गाण्याची चाहूल कशाला हवी?

आणि शब्द लिहिणाऱ्यालाच चाहूल लागते म्हणावं, तर मजरूह त्यानंतर २००० सालापर्यंत होते. त्याच चित्रपटात हेच गाणं किशोरकुमारांनीही गायलंय; ते १९८७ मध्ये गेले. त्यांच्या बाबतीत ही चाहूल बारा वर्षं उशिरा पोचली म्हणायची!

खरं सांगायचं तर मुकेश १९४५ च्या ‘दिल जलता है’पासून दुःखाचीच गाणी गात होते. त्यांचा आवाजच तसा. ते कोणत्याही वर्षी गेले असते, तरी मागे वळून बघताना असं एखादं गाणं हाताशी सापडलंच असतं.

मेसेज पाठवणाऱ्या काकांना हे सगळं कळवलंय. त्यांचं उत्तर : ‘पण गाणं छान आहे ना!’ आहेच.