‘विशेषण कधीच बदलत नाही’ हा मेसेज कृपा करून पुढे पाठवू नका

परवा ताईकडे गेले होते. भाची लाल पेन घेऊन स्वतःचाच निबंध खोडत बसली होती. आधी लिहिलेलं होतं ‘जुन्या घरात एका मोठ्या झोपाळ्यावर’, आणि ते काट मारून वर केलं होतं ‘जुना घरात एक मोठा झोपाळ्यावर’. मी म्हटलं अगं हे काय केलंस, तर म्हणाली, मावशी, विशेषण अव्यय असतं, ते बदलत नाही, आईच्या ग्रुपवर आलंय. आठवीतली मुलगी, बोलताना एकदाही चुकत नाही, आणि एका फॉरवर्डमुळे बरोबर लिहिलेलं चूक करत होती. तेव्हाच ठरवलं की यावर लिहायचंच.

मेसेजमध्ये पाच मुद्दे आहेत. विशेषण अव्यय आहे, त्याला लिंग-वचन-विभक्ती लागत नाही. म्हणून ‘गरिबांना’ चूक आणि ‘गरीबांना’ बरोबर. मोठी वस्तू पुल्लिंगी, छोटी स्त्रीलिंगी. हा-तो-ती फक्त सर्वनामं असतात. आणि विशेषण नेहमी नामाच्या आधीच येतं.

पहिल्यापासूनच घेते, कारण खरं नुकसान त्यानेच होतंय. शाळेतल्या व्याकरणात शब्दांच्या आठ जाती शिकवतात, त्यातल्या चार विकारी: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद. विकारी म्हणजे ज्यांचं रूप बदलतं. अव्ययं म्हणजे उरलेल्या चार, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी आणि केवलप्रयोगी. क्रियाविशेषण आणि विशेषण या दोन नावांत कुणाचा तरी घोळ झाला असावा असं मला वाटतं, पण घोळ झाला म्हणून तो शेकडो पालकांना पाठवायचा का?

पुस्तक बाजूला ठेवा, नुसतं बोलून बघा. काळा घोडा, काळी गाय, काळं मांजर. अनेकवचन केलं की काळे घोडे, काळ्या गाई, काळी मांजरं. आता प्रत्यय लावा: काळ्या घोड्याला, काळ्या गाईला, काळ्या मांजराला. एकच ‘काळा’ आणि त्याची पाच रूपं. मेसेजवाल्याने उदाहरणं कुठली दिलीत तर ‘हुशार’, ‘लाल’ आणि ‘सुंदर’. म्हणजे जी बदलत नाहीत नेमकी तीच उचलली आणि त्यावरून सगळ्या विशेषणांचा नियम ठोकून दिला. हे ‘आ’ने संपत नाहीत म्हणून बदलत नाहीत, ‘कडू’ही तसंच. आकारान्त विशेषणं मात्र बदलतात, ‘जादा’सारखा एखादा अपवाद सोडला तर (जादा काम, जादा फी). आणि ‘एक’ आकारान्त नसूनही ‘एका’ होतो, भाचीने नेमका तोही खोडला होता.

एक गोष्ट मान्य करते, विशेषणाला विभक्तीचा प्रत्यय थेट लागत नाही हे खरं आहे. संस्कृतात ‘रम्ये वने’ म्हणताना दोन्ही शब्द सप्तमीत जातात, मराठीत आपण ‘रम्य वनात’ म्हणतो, ‘-त’ फक्त नामाला. पण प्रत्यय लागत नाही आणि रूप बदलत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘मोठ्या झोपाळ्यावर’मध्ये ‘मोठा’चं सामान्यरूप (प्रत्यय लागताना होणारं बदललेलं रूप) झालंय, ते कसं नाकारणार?

आता ‘गरिबांना’. शासनाने १९६२ साली १४ लेखननियम मान्य केले, १९७२ मध्ये त्यात ४ वाढवले, असे १८, आणि शाळेपासून सरकारी पत्रांपर्यंत तेच चालतात. त्यात स्पष्ट आहे की शेवटून दुसरं अक्षर दीर्घ ई किंवा ऊ असेल तर सामान्यरूपात ते ऱ्हस्व होतं, अपवाद तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांचा, जसं शरीर, शरीरात. म्हणून वकील-वकिलाला, सून-सुनेला, गरीब-गरिबाला. ‘गरिबांना मदत करा’ यात गरीब हे विशेषण राहिलेलंच नाही, त्याचं नाम झालंय, म्हणून तर त्याला ‘ना’ लागला. शेजारी नाम आणा, ‘गरीब माणसांना मदत करा’, लगेच ‘री’ दीर्घ राहते, कारण आता ते पुन्हा विशेषण आहे. एकाच शब्दात नाम आणि विशेषण यांतला फरक इतका स्वच्छ दिसतो, मुलांना हे दाखवायचं सोडून ‘गरीबांना’ लिहा म्हणून सांगतायत.

लिंगाच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे, नाही म्हणत नाही. गाडा-गाडी, सुरा-सुरी, डबा-डबी अशा जोड्यांत आकार दिसतो. पण तो जोड्यांपुरताच. भिंत केवढी मोठी, ती स्त्रीलिंगी, आणि त्यात ठोकलेला खिळा पुल्लिंगी. देह, काया, शरीर, वस्तू एकच आणि लिंगं तिन्ही: तो देह, ती काया, ते शरीर. ‘वेळ’ तर अर्थाप्रमाणे लिंग बदलतो, ‘माझा वेळ गेला’ पण ‘जायची वेळ झाली’. साइझ बघून लिंग ठरवायला लागलं की मूल पहिल्याच पानावर अडकणार.

हा-तो-ती बद्दल एवढंच करून बघा. ‘ती आली’, मग ‘तिला बोलाव’. आता ‘ती मुलगी आली’ याचं करा, ‘तिला मुलीला बोलाव’ म्हणाल का? नाही, ‘त्या मुलीला बोलाव’. पहिली ‘ती’ सर्वनाम, तिचं ‘तिला’ झालं. दुसरी नामाला चिकटलेली, सार्वनामिक विशेषण, तिचं ‘त्या’ झालं, अगदी ‘काळ्या गाईला’ मधल्या ‘काळ्या’सारखंच. म्हणजे त्यांचा चौथा मुद्दा तपासायला गेलं तर पहिलाही पडतो.

पाचव्यावर वेळ घालवत नाही. ‘मुलगी हुशार आहे’ यात हुशार नामाच्या नंतर आलंय, त्याला विधिविशेषण म्हणतात, पाठ्यपुस्तकात असतं.

भाचीने अकरा ठिकाणी खोडलं होतं. ‘तिला मुलीला’ ऐकून हसली आणि म्हणाली की मग मी आधी बरोबरच लिहिलं होतं. हो गं बाई, सगळं बरोबर होतं. अकराही जागा परत नीट केल्या आणि ताईने ग्रुपवर ‘काळा घोडा’वाला परिच्छेद टाकलाय.