मेलर डीमन, फ्लॅट नंबर माहीत नाही

लिफ्टशेजारच्या फलकावर थकबाकीदारांच्या यादीत माझं नाव लागलंय, खाली लाल रेघ मारून. मेंटेनन्स भरला नाही, कारण बिलच आलं नाही. कमिटीने कागद वाचवायला बिलं मेलवर सुरू केली आणि माझ्या पत्त्यातल्या ‘जीमेल’मध्ये आय आधी, ए नंतर पडला. फॉर्मवर मी कॅपिटलमध्ये, एकेका चौकोनात एकेक अक्षर लिहून दिलं होतं. तरी थकबाकीदार मीच.

ऑफिसात मॅनेजरकाका चहा पीत होते.

“गेलंय तुमचं बिल. सेंटमध्ये दिसतंय, बघा.”

“गेलं असेल, पोचलं नाही. परत आलं असणार.”

“परत कुठलं! हां, तो एक मेलर डीमन सोडला तर.”

“काय म्हणतो तो?”

“इंग्रजीत लांबलचक काहीतरी. आधी म्हणे उशीर होतोय, प्रयत्न चालू आहेत. मग म्हणे जमलं नाही. मी मेंबर रजिस्टर काढलं, दोन्ही विंग, भाडेकरूसुद्धा. या नावाचं आपल्याकडे कोणी नाही. बिल्डरकडचा असेल.”

“मग?”

“मग काय, रीतसर उत्तर दिलं. कार्यालयीन वेळेत समक्ष भेटावे. आला नाही. ब्लॉक केला.”

आता त्या डीमनची बाजू घ्यायला हवी. तो माणूस नव्हे, मेल पोचला नाही की तसं कळवणारा मेल सर्व्हरवरचा प्रोग्रॅम. डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @ नंतरचं नाव, अस्तित्वातच नसेल तर तो लगेच हात वर करतो. पण असली तिरक्या स्पेलिंगची डोमेनं कोणीतरी घेऊन ठेवलेली असतात आणि तिथला सर्व्हर दार उघडत नाही. मग पाठवणारा सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने पुन्हा ठोठावतो. 2008 च्या आरएफसी 5321 या ईमेलच्या मानकानुसार हार मानण्याआधी साधारण 4-5 दिवस तरी ठोठावायचं असतं. माझ्या बिलासाठी एवढी चिकाटी दाखवणारा तो एकटाच, आणि ब्लॉकही तोच.

दार उघडलं तर आणखी वाईट, मेल परक्याच्या हाती पडतो. अमेरिकी सैन्याचं डोमेन डॉट एमआयएल. त्यातला आय गळला की उरतं डॉट एमएल, म्हणजे आफ्रिकेतला माली देश. वर्षानुवर्षं सैन्याचे मेल असे मालीच्या वाटेला लागले. ते डोमेन सांभाळणारा डच माणूस इशारे देत राहिला, आणि 2023 मध्ये त्याची बातमी झाली. पेंटॅगॉनच्या फलकावर लाल रेघेने कोणाचं नाव लागलं, हे मात्र कुठे वाचलं नाही.

आमच्याकडे मात्र शिस्त कडक. थकबाकीवर वार्षिक 21 टक्के व्याज, न पोचलेल्या बिलावरसुद्धा. नाव खोडा म्हटलं, तर आधी भरा म्हणतात. ईमेल दुरुस्तीचा अर्ज दोन प्रतींत द्या म्हणतात. दिला. अक्षरं पुन्हा चौकोनांत.

“व्याज?”

“ते माफ करणं माझ्या हातात नाही. सर्वसाधारण सभेत मांडा.”

“कधी आहे?”

“30 सप्टेंबरच्या आत घेऊ. नोटीस मेलवर येईल.”

“दुरुस्त केलेल्या?”

“अर्ज मंजूर व्हायला हवा ना आधी. तोही विषय त्याच सभेत आहे.”