मेश मंद चालतंय? मग ग्रुपवरच्या त्या उपायांचं काय करायचं

सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपांवर एक मजकूर अधूनमधून उगवतो. मथळा बदलतो, ऐवज तोच. मेश राउटर, म्हणजे घरात ठिकठिकाणी ठेवलेल्या डब्यांतून एकच वाय-फाय पसरवणारा संच, लावूनही वाय-फाय मंद असेल तर आणखी एक नोड, म्हणजे त्या संचातला जोडडबा, घ्या. नेट येत नाही त्या खोलीतच तो ठेवा. चॅनेलची रुंदी १६० मेगाहर्ट्झ करा, २.४ गिगाहर्ट्झ बंद करा, डीएनएस बदला, रोज रात्री सगळं बंद करून चालू करा. एवढ्यानेही भागलं नाही तर मोठा प्लॅन घ्या. यातला प्रत्येक उपाय कुठल्यातरी घरात कामी आलेला असणार, म्हणून तर तो टिकून आहे. पण सरसकट सगळ्यांनी केला तर बहुतेकांचे पैसे जातील आणि नेट होतं तिथेच राहील. एकदोन उपायांनी तर ते आणखी रखडेल.

‘आणखी एक नोड लावा, स्पीड वाढेल.’

नोड रेंज वाढवतो. वेग तो तयार करत नाही, मुख्य राउटरकडून मिळालेला पुढे पोचवतो, आणि पोचवताना थोडा खातो. आपल्याकडे खपणारे बरेचसे स्वस्त मेश संच दोन बँडचे, म्हणजे दोन लहरपट्ट्यांचे असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ गिगाहर्ट्झचा जो रेडिओ तुमच्या फोनशी बोलतो, तोच मुख्य राउटरशीही बोलतो. त्यामुळे व्हिडिओचा प्रत्येक तुकडा त्याच चॅनेलवरून, म्हणजे बँडमधल्या त्याच पट्टीवरून, दोनदा हवेत जातो, एकदा राउटरपासून नोडपर्यंत आणि मग नोडपासून फोनपर्यंत. दोन्ही एकाच वेळी होत नाही. मधला दुवा ३०० एमबीपीएस वाहून नेत असेल तर फोनच्या हाती साधारण १५० पडतात. त्या नोडच्या पुढे तिसरा नोड लटकवला की आणखी कमी. शिवाय हे सगळे नोड सहसा एकाच चॅनेलवर असतात, म्हणजे एक बोलत असताना बाकीचे गप्प. टू बीएचकेमध्ये तीन नोड ठेवले तर त्यातला तिसरा बहुधा नुसती गर्दी करतो.

डब्यावर ‘एसी १२००’ छापलेलं असतं, त्याने गैरसमज आणखी वाढतो. हा आकडा म्हणजे ३०० आणि ८६७ यांची गोळाबेरीज, दोन वेगळ्या बँडची आणि तीही कागदावरची. तुमचा फोन एका वेळी सहसा एकाच बँडवर असतो, आणि कागदावरच्या आकड्याच्या निम्म्याच्या थोडं वर मिळालं तरी ते चांगलं समजायचं. दुव्यासाठी वेगळा तिसरा रेडिओ असलेले संचही मिळतात. त्यांत ही निम्म्याची गळती बरीचशी टळते, पण किंमत त्या हिशेबाने वाढते.

‘जिथे नेट येत नाही तिथेच नोड ठेवा. रेंज फुल दिसली की काम झालं.’

मला वाटतं, या यादीतला सगळ्यात जास्त नुकसान करणारा सल्ला हाच. फोनवर दिसणारी रेंज ही फोन आणि नोड यांच्यामधली. नोडला मुख्य राउटरकडून काय मिळतंय, ते ती सांगत नाही. वरच्या टाकीत पाणीच चढत नसेल तर मोरीतला नळ कितीही मोठा बसवा, धार बारीकच येणार. त्या अंधाऱ्या खोलीत नोडला स्वतःलाच सिग्नल मिळत नसतो. तो फोनला ‘फुल’ दाखवतो आणि व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो.

नोड वाटेत ठेवायचा. मुख्य राउटर हॉलमध्ये टीव्हीखाली आणि मंद खोली शेवटची बेडरूम असेल, तर नोडची जागा पॅसेजमध्ये किंवा बेडरूमच्या दाराच्या आतल्या बाजूला, उघड्या शेल्फवर. बऱ्याच संचांचं अॅप नोडला येणारा सिग्नल उणे आकड्यात दाखवतं. उणे ६० च्या आसपास असेल तर छान, उणे ७५ च्या पलीकडे, म्हणजे शून्यापासून आणखी लांब, गेला तर जागा बदला. एखाद-दोन फूट सरकवूनही फरक पडतो, कारण मध्ये काय येतंय त्यावर सगळं अवलंबून आहे. लोखंडी कपाट, ड्रेसिंग टेबलाचा आरसा, लॉफ्टवरची पाण्याची टाकी ही सिग्नलची हमखास मारेकरी मंडळी. मायवान पद्धतीने बांधलेल्या नव्या टॉवरांत तर आतल्या भिंतीही विटेच्या नसतात, सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात, आणि अशा दोन भिंतींपलीकडे ५ गिगाहर्ट्झ जेमतेम पोचतं. कोकणातल्या जाड जांभ्याच्या घरांतही तेच. पावसात भिंत ओल धरते तेव्हा त्यात आणखी भर, कारण पाणी या लहरी शोषतं.

‘चॅनेलची रुंदी १६० करा, वेग दुप्पट.’

तुमचा लॅपटॉप नवा असेल, राउटर त्याच खोलीत असेल आणि शेजारी कोणी नसेल, तर खरं आहे. आपल्या इमारतींत यातली शेवटची अट कोण पुरी करणार? रुंद चॅनेल म्हणजे वरचे, खालचे आणि समोरच्या विंगमधले जास्त राउटर त्याच पट्ट्यात येणार, आणि ते बोलत असताना तुमचा राउटर थांबणार. शिवाय तेवढीच ताकद दुप्पट रुंदीवर पसरते, त्यामुळे गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल ३ डेसिबलने घटतो, म्हणजे निम्म्यावर येतो. लांबच्या नोडला हे आधी जाणवतं. भरपूर फोन तर ८० च्या वर जातच नाहीत, त्यांना काहीच मिळत नाही. ८० वर ठेवा. फार दाटी असेल तर ४०.

‘२.४ बंद करा.’

एकाच खोलीत ५ चांगलं, वाद नाही. पण स्मार्ट बल्ब, गीझरचा प्लग, दाराचा कॅमेरा, जुना प्रिंटर यांतल्या बहुतेकांना ५ कळतच नाही. २.४ बंद केल्यावर ‘कॅमेरा ऑफलाइन’ म्हणून कपाळाला हात लावणारे मी पाहिलेत. ते चालू ठेवा, रुंदी २० ठेवा आणि चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी एक. हेच तीन एकमेकांवर चढत नाहीत.

‘डीएनएस १.१.१.१ टाका.’

डीएनएस संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देतं, एवढंच. १.१.१.१ हे त्यातलंच एक, कोणालाही वापरता येणारं. पत्ता सापडल्यावर फाइल किती वेगाने उतरते याच्याशी त्याचा संबंध नाही. तुमच्या नेट कंपनीचं डीएनएस रडतखडत चालत असेल तर पानं उघडायला वेळ लागतो, तेव्हा बदलून जरूर पाहा. स्पीड टेस्टचा आकडा मात्र हलणार नाही.

रोज रात्री बंद-चालू करण्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. अडकलेलं काही सुटतं, तेवढ्यापुरता उपाय बरा. रोजच करावं लागत असेल तर मूळ दुखणं वेगळं आहे.

‘शेवटी मोठा प्लॅन घ्या.’

इथे थांबा. नेटफ्लिक्स स्वतःच ४के चित्रासाठी १५ एमबीपीएस आणि फुल एचडीसाठी ५ मागतं. १०० च्या प्लॅनवर चित्र अडकत असेल तर गळती बहुधा घरातच आहे, आणि ती तुकड्यातुकड्याने शोधावी लागते. आधी लॅपटॉप केबलने थेट फायबरच्या मोडेमला लावून मोजा. मग केबल मेशच्या मुख्य राउटरला लावून. मग त्याच्याजवळ बसून वाय-फायवर, आणि शेवटी लांबच्या नोडपाशी. आकडा जिथे धपकन पडतो, दुखणं तिथलं. मोडेमवरच कमी असेल तर तक्रार करा, मेशला हात लावू नका.

ठाण्यातल्या एका ओळखीच्या घरी ३०० चा प्लॅन घेतला, तरी मेशपाशी आकडा कायम ९४ च्या आसपास. असा अडकलेला आकडा दिसला की वाय-फाय बाजूला ठेवून केबल बघायची. १०० एमबीपीएसच्या पोर्टमधून प्रत्यक्षात एवढंच निघतं. मोडेम आणि मेश यांच्यामधली केबल काढून तिचा पारदर्शक प्लग उजेडात धरला, तर आठ खाचांपैकी चारमध्येच रंगीत तारा. १०० ला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. बसवायला आलेल्याने वेळ वाचवलेला. नवी केबल लावली आणि आकडा २८० च्या पुढे गेला. केबल ठीक असूनही ९४ च असेल तर मेशचे पोर्ट तपासा. काही स्वस्त संचांत ते मुळातच १०० चे असतात.

आणखी एक गोष्ट त्या मजकुरात कुठेच नसते. मेश लावल्यावर मोडेमचं स्वतःचं वाय-फाय बरेच जण बंदच करत नाहीत. जुने फोन त्यालाच चिकटून राहतात, कारण कुठल्या राउटरला धरायचं हे शेवटी फोन ठरवतो, आणि दोन्ही डबे शेजारी शेजारी एकमेकांवर ओरडत असतात. मोडेम ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो नेट फक्त पुढे देईल, किंवा मेश अॅक्सेस पॉइंट मोडवर, म्हणजे तो फक्त वाय-फाय पसरवेल, आणि मोडेमचं वाय-फाय बंद करा. फुकटचा उपाय आहे.

पैसे खर्चायचेच असतील तर नोडपर्यंत लॅन केबल ओढायला खर्चा. केबल टीव्हीसाठी भिंतीत टाकलेला पाइप अनेक फ्लॅटांत रिकामा पडलेला असतो, त्यातून कॅट ६ दर्जाची लॅन केबल जाते. दुवा तारेवर गेला की नोडपाशी वेग निम्मा होत नाही. टीव्ही आणि डेस्कटॉपही नोडच्या मागच्या पोर्टला तारेनेच लावा, तेवढी हवा मोकळी होते. त्यानंतरही मोठा प्लॅन हवासा वाटला तर घ्या. घरात चार जण एकाच वेळी मीटिंगमध्ये असतील, फाइली चढवत असतील तर तो लागतोच. फक्त घेताना डाउनलोडच्या जोडीने अपलोडचा आकडाही विचारून घ्या.