पंच्याऐंशी? व्हई बी!

खानदेशात ऊन मोजायला यंत्र लागत नाही. आईचं यंत्र म्हणजे बिबडे, ज्वारीचे पापड. गच्चीवर जुन्या साडीवर सकाळी घातलेले बिबडे दुपारच्या आत कडकड वाजायला लागले, की त्या दिवशी अमळनेरात कोणी कामाशिवाय बाहेर पडत नाही. असलं खात्रीचं साधन घरात असताना मी तापमानाचा सेन्सर आणला.

निमित्त कूलरचं. आखाजीला बहीण भाच्याला घेऊन सुरतहून आली आणि वरच्या पत्र्याच्या खोलीत उतरली. कूलरचा पंप रात्रभर चालू ठेवला तर पहाटे टाकी कोरडी. बंद ठेवला तर कूलर नुसती भट्टीची हवा फेकणार. बटण दाबायला रात्री कोण उठणार यावरून वाद झाला, तेव्हा मी जेवता जेवता सांगून टाकलं, "आता पंप आपला आपण ठरवेल." हे निदान काम झाल्यावर बोलायला हवं होतं.

नोडएमसीयू बोर्ड, म्हणजे प्रोग्राम चढवून चालवायचा छोटासा सर्किट बोर्ड, घरात होताच. सेन्सर डीएस१८बी२०, तीन पायांचा, तुरीच्या दाण्याएवढा. सपाट बाजू आपल्याकडे केली की डावा पाय ग्राउंड, मधला डेटा, उजवा वीज. मी गोल बाजू आपल्याकडे केली. बोर्डाचा दिवा विझला म्हणून सेन्सर चाचपायला गेलो, तर बोट असं भाजलं की तव्यावरची भाकरी परवडली. भाचा म्हणाला, "मामा, ह्यालाच ताप आलाय."

पाय सुलट केले. बोर्ड सुरू झाला आणि पडद्यावर आकडा आला: उणे १२७. सेन्सर सापडत नाही, हे सांगायची प्रोग्रामची ती रीत. भाच्याने मात्र कुल्फीचे साचे कुठे ठेवायचे ते विचारून घेतलं. डेटाच्या तारेला विजेकडे ओढून धरायला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लागतो. त्याची ओळख अंगावरच्या रंगीत पट्ट्यांवरून: पिवळा, जांभळा, लाल. मी लावलेला पिवळा, जांभळा, नारिंगी निघाला, म्हणजे ४७ किलोओहमचा. रात्री ट्यूबलाइटखाली लाल आणि नारिंगी यांत फरक करणाऱ्याला माझा दंडवत.

दुसऱ्या दिवशी अचूक रेझिस्टर लावला आणि बोर्डच मेला. चूक होती तोवर चालत होता, चूक सुधारल्यावर बंद! प्रोग्रामही चढेना. दुसरा बोर्ड लावला, तोही तसाच. दोन्ही पिशवीत घालून गाडीने जळगाव गाठलं. दुकानदाराने केबल लावली, दोन्ही बोर्ड लुकलुकायला लागले. डॉक्टरसमोर पोराचा ताप उतरावा तसं. "चालू आहेत ना भाऊ," तो म्हणाला. मी त्याच्याच मालावर शंका घेत तिसरा विकत घेतला. (ह्यातला तर्क मला आजही सांगता येणार नाही.) घरी आणून सेन्सर जोडला. तिसराही गेला.

रात्री दीडला एकेक तार उपटत बसलो. डेटाची तार काढली की बोर्ड जिवंत, लावली की मढं. मग सिरीयल मॉनिटरचा, म्हणजे बोर्डाचं बोलणं संगणकावर दाखवणाऱ्या खिडकीचा, वेग ७४८८० असा विचित्र ठेवला, कारण हा बोर्ड उठताना त्याच वेगात पुटपुटतो. त्या पुटपुटण्यात खरं दुखणं सापडलं. उठताना बोर्ड तीन पिना तपासतो. डी-३ आणि डी-४ या दोन्ही वर, म्हणजे विजेकडे ओढलेल्या असाव्या लागतात, तर डी-८ खाली, म्हणजे ग्राउंडकडे. डी-८ला खाली धरायला बोर्डावरच एक रेझिस्टर असतो. माझी तार आखूड म्हणून मी सेन्सर नेमका डी-८ला जोडलेला. ४७वाला तिला वर ओढायला कमजोर पडला, म्हणून बोर्ड उठत होता, सेन्सर मात्र सापडत नव्हता. ४.७वाल्याने तिला चांगलीच वर ओढली आणि बोर्डाने उठायलाच नकार दिला. तिन्ही बोर्ड ठणठणीत होते. दुकानदाराला मनातल्या मनात घातलेल्या शिव्या मनातल्या मनातच परत घेतल्या.

तार डी-२वर नेली. सकाळी सगळ्यांना बोलावून केबल लावली. आकडा आला: ८५. वीज मिळाल्या मिळाल्या सेन्सर हाच आकडा धरून बसतो. खरं माप घ्यायला त्याला ७५० मिलिसेकंद लागतात आणि माझा प्रोग्राम तेवढं थांबत नव्हता. मी हे समजावणार, तोवर आईने मान डोलावलीही होती.

"पंच्याऐंशी? व्हई बी. आज बिबडा घंटाभरमा वाळनात."

प्रोग्रामला थांबायला शिकवल्यावर आकडा ३९.५वर आला. आईला तो कमी वाटला. खोली ३४च्या खाली गेली की पंप बंद, असं ठरवून मी कूलरला रिले, म्हणजे बोर्डाच्या हुकमावर चालणारं बटण, जोडला आणि तीन रात्रींची झोप एकदम काढली.

पहाटे टाकी कोरडी. पत्र्याखालची ती खोली रात्रभरात ३४च्या खाली एकदाही आली नव्हती, त्यामुळे पंप एकदाही बंद झाला नव्हता. आई बादली घेऊन टाकी भरत होती. माझ्याकडे न बघताच तिने विचारलं, "मंग बटनमा काय खोट व्हती रे बापू?"