‘जेकिल आणि हाइड’ कोकेनने लिहिलेली नाही

‘स्टीव्हन्सनने कोकेनच्या नशेत सहा दिवसांत साठ हजार शब्द लिहिले आणि डॉ. जेकिल व मिस्टर हाइडची गोष्ट जन्मली’ हा मजकूर पुन्हा फिरतो आहे. खाली तात्पर्य: कल्पनाशक्तीला नशा लागतेच. हे मला मुळीच पटत नाही.

औषध पिऊन सज्जन डॉक्टर जेकिलचा दुष्ट हाइड होतो, अशी ही रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या स्कॉटिश लेखकाची गोष्ट. आधी आकडा. छापील कादंबरिका पंचवीस-सव्वीस हजार शब्दांची आहे. साठ हजार आले ते सावत्र मुलगा लॉइड ऑस्बर्न याने कित्येक वर्षांनी लिहिलेल्या आठवणींतून. तीन दिवसांत पहिला खर्डा, पत्नी फॅनीच्या टीकेनंतर तो जाळला, मग तीन दिवसांत दुसरा, अशी ती सहा दिवसांची बेरीज. पण काम तिथेही संपलं नव्हतं. १८८५ च्या शरदात इंग्लंडमधल्या बोर्नमथला सुरू झालेली ही गोष्ट पुन्हा पुन्हा लिहून जानेवारी १८८६ मध्ये बाहेर पडली.

कोकेनचा तर्क १९७१ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला. तो तर्कच आहे. स्टीव्हन्सनने कोकेन घेतल्याचा थेट पुरावा नाही. छातीतून रक्त पडायचं म्हणून त्याला अफूची औषधं मिळत, हे खरं. पण दुखण्यावरचा उतारा म्हणजे प्रतिभेचा उगम नव्हे.

मग कल्पना आली कुठून? १८८८ च्या स्वप्नांवरच्या निबंधात त्यानेच सांगितलंय: दोन दिवस कथानकासाठी डोकं खाजवलं, दुसऱ्या रात्री स्वप्नात गोष्टीतला खिडकीचा प्रसंग दिसला, आणि पाठलाग करणाऱ्यांसमोरच पूड घेऊन बदलणारा हाइड. बाकी सगळं जागेपणी, जाणीवपूर्वक रचलं. शिवाय दुहेरी माणूस त्याच्या डोक्यात जुनाच होता. दिवसा प्रतिष्ठित सुतार आणि रात्री घरफोड्या करणारा एडिनबरोचा डीकन ब्रोडी १७८८ मध्ये फासावर गेला. त्याच्या हातचं कपाट स्टीव्हन्सनच्या लहानपणी घरात होतं, आणि कवी असलेल्या हेन्ली या मित्राबरोबर त्याने ब्रोडीवर नाटकही लिहिलं.

आता पुस्तकच उघडा. लालसर द्रवात क्षार पडतो, फेसाळतो, गडद जांभळा होतो, मग फिकट हिरवा. जुना साठा संपल्यावर जेकिल नोकराला औषधाच्या दुकानांत पुन्हा पुन्हा पाठवतो, जुना माल शोधा म्हणून विनवण्यांची चिठ्ठी लिहितो. नव्या क्षाराने रूप बदलत नाही. त्याची खात्री पटते की पहिला माल अशुद्ध होता आणि ती अज्ञात भेसळच काम करत होती. ज्या पुडीवर त्याने आयुष्य लावलं, तिच्यात काय आहे हे त्याला कधीच ठाऊक नव्हतं. एवढ्या बारकाईने व्यसनाची लाचारी लिहिणाऱ्याच्या नावावर नशेची भलामण खपवू नये.